माटोळीचा भाव

"धा दितां. दिवचें जाल्यार दी, ना जाल्यार हांव चल्लें," म्हणत पद्मावतीने पदर खोचला आणि दोन पावले मागे सरली. ही तिची नेहमीची चाल. आता शेवंतीने हाक मारायची, अठरा म्हणायचे, आणि मग दोघींची मनसोक्त जुंपायची. डिचोलीच्या चतुर्थीच्या बाजारात ही लढाई दरवर्षी ठरलेली.

"घेवा," शेवंती म्हणाली.

पद्मावती चमकलीच. वीस सांगून दहाला? गोवा घटकराज्य झाल्यापासून सगळ्यांचे भाव वर चढले आणि ही बया खाली उतरते? नक्की फळे नासकी! तिने जुडी उचलून उलटीपालटी केली. केशरी कवंडळे, आंबाडे, घागऱ्यांचे घोस. गणपतीच्या डोक्यावर माटोळीला टांगायची सगळी रानफळे, अगदी ताजी. देठावरचा चीकसुद्धा वाळला नव्हता.

तिने नोट पुढे केली. शेवंतीने हात मागे घेतला. "हातात नको, बाय. थंय सुपात ठेवा."

पद्मावती तिच्याकडे बघत राहिली. पैसे हातात घ्यायचे नाहीत, कुणाला शिवायचे नाही, वस्तू आपण उचलून द्यायची नाही. हे कशात पाळतात ते तिला कुणी सांगायला नको होते.

"कोण?" तिने हळूच विचारले.

"मामंजी," शेवंती पुटपुटली. "आज पहाटेक गेले. ह्या सगळा कालच त्यांनी डोंगरातसून काढून हाडला, जुडयेव त्यांनीच बांधले. मी एका फळाक हात लावूक नाय, देवाशपथ. मोठो दीर सावंतवाडीसून दनपारी येतलो. पण घरात लाकडांक पैसो नाय, बाय. म्हणान इलंय."

पद्मावतीला आधी रागच आला. सुतकातली फळे, आणि ती देवावर! तिच्या सर्वण गावातल्या घरी माटोळी बांधायची तर सोवळ्याने. त्यात यंदा लेक प्रिया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना लागलेला. काही बरेवाईट झाले तर? जुडी तिथेच टाकावी आणि घरी जाऊन डोक्यावरून पाणी घ्यावे, एवढेच तिच्या मनात आले.

तेवढ्यात पलीकडून कमल ओरडली. तीही माटोळीचेच सामान विकायला बसली होती. "काय गो शेवंते, फुकट वाटूंक बसलें काय आज? किडे पडले काय फळांक?"

येणारी-जाणारी गिऱ्हाइके थबकली. शेवंतीने मान खाली घातली. आता कुणी खोदून विचारले की संपले. ती टोपली आज खपली नाही, तर उद्या तिला कुत्रासुद्धा विचारणार नव्हता. आणि घरी म्हातारा लाकडांची वाट बघत पडला होता.

पद्मावतीने जुडी छातीशी घट्ट धरली.

"फुकट खंयचें!" ती कडाडली. "वीस मागता ही! पंदरा म्हणून थकलें हांव, आयकना!"

शेवंतीने वर पाहिले. डोळे भरले होते, पण आवाज फुटला. "वीस म्हंजे वीस, बाय! परवडत नसात तर डोंगरात जावन काढा!"

"अठरा!"

"वीस!"

"घे बाये, पोट भर तुझें!" पद्मावतीने वीस रुपये सुपात आपटले. मग गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाली, "तुमीय सुपांतूच घालात. हात चिकान माखल्यात तिचे."

कमल हसली. "ह्या दोगांचें सदांचेंच!" गिऱ्हाइके पुढे झाली आणि आपापल्या जुड्या उचलू लागली.

संध्याकाळी सगुणने माटोळीची लाकडी चौकट देवाच्या चौरंगाच्या वर, छताला टांगली. बायकोच्या हातची जुडी बघून त्याने विचारले, "कितल्याक मेळ्ळी गो?"

"वीसाक."

"अरे वा! म्हणजे शेवंतीन तुका हारयली म्हण!" तो मोठ्याने हसला. "आनी तिचो मामंजी? बरो आसा मगो म्हातारो?"

"बरो आसा," पद्मावती म्हणाली, आणि पहिला घोस तिने स्वतःच्या हाताने देवाच्या बरोबर माथ्यावर बांधला.