चिमे

नवऱ्याची बदली झाली आणि आठव्या महिन्यात, पोट सांभाळत मी परराज्यात येऊन पडले. शेजारणीची भाषा कळत नाही आणि सुजलेले पाय टेकायला अजून न उघडलेली खोकी आहेत. परत माहेरी जावं, तर डॉक्टरांनी आता प्रवासाला साफ नाही म्हटलंय.

तिकडे भावजयीला सातवा लागलाय. रोज व्हिडिओ कॉल लावला की तिचे पाय माझ्या आईच्या मांडीवर! आई तेल चोळता चोळता मला विचारणार, "चिमे, जेवलीस का गं?" पण नजर मात्र त्या पायांवर. मी "हो" म्हणायचे आणि फोन ठेवून तासभर धुसफुसायचे. पहिलटकरीण मीही आहे ना!

आज आई तेलाची वाटी ठेवायला आत गेली, तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. "मजा आहे बाई तुझी! आई माझी आणि लाड तुझे."

भावजय हसली नाही. स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाली,



"ताई, पाय चेपताना त्या रोज मला विचारतात, 'चिमे, आता बरं वाटतंय का गं?' मी आपली 'हो' म्हणते."