कागदावरची विहीर

वडिलांच्या माघारी दादानं शिरूरच्या कचेरीत दोन कामं एकाच दिवशी काढली. रानाच्या हक्कसोडपत्रावर माझी सही आणि पणजोबांच्या मोडीतल्या कागदाचं वाचन. त्या कागदाच्या तळाशी शाईचा एक गोल होता. तो गोल म्हणजे रानातली बुजलेली विहीर, असं आमच्या घरात सगळे सांगत आले. तिच्यापायी दादानं निम्म्या रानात जेसीबी फिरवला, पण विहीर काही घावली नाही. मोडी वाचणाऱ्या बाईंनी चष्मा पुसला, कागद खिडकीपाशी धरला आणि त्या म्हणाल्या, "ही विहीर नाही, बांगडी आहे. सही न येणाऱ्या बाईची निशाणी म्हणून अशी बांगडी काढायचे. इथं लिहिलंय, 'मी सरूबाई, माझ्या मेंढ्या विकून घेतलेलं रान राजीखुशीनं भाऊ रखमाजीस देत आहे.'" रखमाजी म्हणजे आमचे पणजोबा. "आप्पा, सरूबाई कोण?" मी सोबत आलेल्या थोरल्या चुलत्यांना विचारलं. आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "रखमाजीला भन व्हती? म्या तर कवा नाव ऐकलं न्हाई बा." दादानं हक्कसोडपत्र माझ्यापुढं सरकवलं. "सविता, उरक लवकर. साहेब जेवाया उठतील." मी पहिल्यांदाच तो कागद नीट वाचला. त्यातही 'राजीखुशीनं' होतं. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "दादा, एका गोलासाठी तू एवढं रान उकरलंस. आता सरूबाईला हुडक. ती घावली, की करते सही."