खोकून दाखवा

पुनाला खोकला आला आणि त्याचा हात झटकन जांघेवर गेला.

लीलाधर डॉक्टरचं पेन थांबलं. गावातला हा शेवटचा पेशंट, डॉक्टरला चहाला घरी घेऊन आलेला. त्याच्या नावापुढं 'बरा' लिहूनही झालं होतं.

"धोतर सैल करा, नाना."

पुना ऐकेना. मी ठणठणीत, चहा निवतो, म्हणत राहिला. शेवटी बायको भागाबाईच चिडली. साहेब धुळ्याहून ऊन खात आले अन् तुला लाज सुचते, म्हणाली. धोतराखाली लुगड्याची चिंधी करकचून बांधलेली. ती सुटली तशी लिंबाएवढी गाठ वर आली. वर्षापूर्वी डॉक्टरनं स्वतःच्या हातानं शिवलेला हर्निया.

"आत्ता विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुमनी परीक्षा शे ना, साहेब," पुना म्हणाला. "दुखस अस सांगं ते तुम्ही नापास व्हशात."

डॉक्टरचे कान तापले. सर्जन लोकांना संशोधन शिकवणारी मुंबईची फेलोशिप त्याला मिळाली होती. तिथं एकच गोष्ट डोक्यात भरवलेली: आपलं ऑपरेशन टिकलं का, हे पेशंटच्या दारात जाऊन बघा. नुसतं विचारू नका. खोकायला लावा, गाठ वर येते का ते हात लावून तपासा. पण मागच्या आठवड्यात गावाला हे समजावताना तोच हसत म्हणाला होता, माझी परीक्षाच समजा. आणि आज सकाळपासून पारावर बसून त्यानं नुसतं विचारलं. त्यानं हर्निया शिवलेला एकेक जण हात जोडून 'बरं शे, बरं शे' म्हणत गेला. ऐकायला गोड लागत होतं. मुंबईत हे वाचून दाखवू तेव्हा टाळ्या पडतील, असंही मनात येऊन गेलं. मग हात कशाला लावतोय?

उद्याच दवाखान्यात या, परत शिवतो, असं पुनाला सांगून तो खाली मान घालून बाहेर पडला. सकाळचे सगळे पेशंट निरोप द्यायला जीपजवळ उभे होते. कोणी भुईमुगाची पिशवी आणलेली.

"पास व्हयनात ना, साहेब?" त्यांच्यातल्या चिंधानं विचारलं.

डॉक्टरला त्याच्या तोंडाकडं बघवेना.

"सगळ्यांनी जरा खोकून दाखवा," तो म्हणाला.

कोणीच खोकेना.