पुरावा जोडा

तत्त्वज्ञानाच्या त्रैमासिकाने शिवकन्याचा निबंध तिसऱ्यांदा परत पाठवला. तो स्वीकारल्याचं पत्र नसेल, तर कॉलेजातल्या कायम जागेसाठी तिला कुणी दारातही उभं करणार नव्हतं, आणि अर्जाला नऊच दिवस उरले होते.

निबंधात तिने एवढंच विचारलं होतं: ऊसतोडीला गेलेले नवरा-बायको मुकादमाच्या लेखी मिळून 'एक कोयता' असतात, मग त्यातली बाई जाते कुठं? उदाहरण म्हणून तिने स्वतःच्या आईचं, वत्सलाबाईचं, नाव घातलं होतं. परीक्षकांचा शेरा तिन्ही वेळा तोच. "दोन माणसं एक मोजली जाणं संभवत नाही. पुरावा जोडा."

कसला डोंबलाचा पुरावा! आईचं नाव मुकादमाच्या कुठल्याच कागदावर नव्हतं, आणि निबंधाचं म्हणणं तरी दुसरं काय होतं?

शेवटी दातओठ खात तिने आपलं गाव धारूर खोडलं, ऊस खोडला, आई खोडली. लिहिलं, "समजा, दूरच्या एका ग्रहावर दोन जीव एकच मोजले जातात."

चौथ्या दिवशी उत्तर आलं. "स्वीकृत. विलक्षण कल्पनाशक्ती!"

तिने उसाच्या फडावर बापाच्या मोबाईलवर फोन लावला. "आई, छापणारेत गं."

"आगं बया! माझ्यावर लिव्हलंतं, तेच का?"

शिवकन्याच्या तोंडून "व्हय" निघून गेलं.

"मंग एक पुस्तक इकडं धाड. मुकादमाच्या तोंडावर धरते. म्हनते, वाच, मी बी हाय ह्यात."