पत्नीची संमती

"नाही म्हण," नवरा तिच्या कानाशी पुटपुटला. "फादरना सांग, आजारपणात मला हे झेपणार नाही."

सकाळपासून हे चौथ्यांदा. चर्चच्या कचेरीत टेबलावर अर्ज होता, त्यावर नवऱ्याची सही कधीच झालेली. त्यांच्या पंथात लग्न झालेल्या पुरुषालाही धर्मगुरू होता यायचं, पण बायकोची लेखी संमती हवी. ती नसेल तर अर्ज रद्द. आणि लोक काय म्हणणार? बिचाऱ्याने आजारी बायकोपायी दीक्षा सोडली. साप मरणार, काठीही मोडणार नाही.

याच माणसाने तीन वर्षं दीक्षा दीक्षा करून सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. अभ्यास केला, परीक्षा दिल्या. सासूबाईंनी तर झग्याचं कापडही आणून ठेवलं. मग डॉक्टरांनी तिला सहा महिने सांगितले आणि याचा उत्साहच मावळला. का, ते तिने गायनवृंदाच्या खोलीबाहेर स्वतःच्या कानांनी ऐकलं. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईला हा म्हणत होता, "सहाच महिने थांब. मग लग्न करू."

मेल्याने तिचे दिवस मोजायला घेतले होते. तेव्हापासून ती आतल्या आत धुमसत होती.

म्हातारे फादर चष्मा सावरत कलमं वाचत होते. दर पाच वर्षांनी बदली. चर्चमागच्या दोन खोल्यांत संसार. पापनिवेदनात ऐकलेलं घरी बोलायचं नाही.

"तसंही घरी ते कुठे काय बोलतात," ती म्हणाली. फादर गालात हसले.

पुढचं कलम वाचताना मात्र त्यांना तिच्याकडे बघवेना. "पाचवं. दीक्षेनंतर पत्नीचं निधन झालं, तर पुन्हा लग्न करता येणार नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "बाई, ओझं वाटत असेल तर नाही म्हणा. कुणी दोष देणार नाही."

"दीक्षा कधी होईल, फादर?"

"पुढच्याच महिन्यात."

तिने सही केली. अक्षर स्वच्छ आलं.

नवरा पांढराफटक पडला. "अगं, तुझी तब्येत..."

"माझं काय, आज आहे उद्या नाही. तुमचं स्वप्न कशाला मोडू?"

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी रडत रडत लेकाचे हात आपल्या डोळ्यांना लावले. आता माघार घ्यायची तर कारण सांगायला हवं, तेही आईसमोर आणि फादरसमोर. तिला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी.

"साक्षीदाराची सही राहिली," फादर म्हणाले. "घरातलं माणूस चालत नाही."

"बाहेर बाकावर बसवलीय ना मी."

तिने दार उघडलं. ऑर्गनवाल्या बाईला हाताला धरून आत आणलं, आपल्या खुर्चीवर बसवलं आणि पेन तिच्या हातात दिलं.

"सही करायच्या आधी पाचवं कलम मोठ्याने वाच गं," ती म्हणाली. "यांना तुझा आवाज फार आवडतो."