सत्यनारायणाच्या भिंतीवरचा वाघ

"सिंहाचं काय कौतुक? तो बसलेलाच असतो," जयवंत म्हणाला. "आफ्रिकेत सिंह म्हणजे आपल्याकडची म्हैस. गाडीतून बघायचं नि खटका दाबायचा. त्याला काय फोटोग्राफी म्हणतात?"

त्याची बायको आशालता बॅगेत सुकेळ्यांची, वाळवलेल्या वसईच्या केळ्यांची, पुडकी भरत होती. "हळू बोला. जिन्यात आवाज जातो."

"जाऊ दे. त्यासाठीच बोलतोय."

विरारच्या त्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायण असे. मंडपाच्या मागे तळमजल्याची लांब भिंत होती आणि तिच्यावर दरवर्षी एकाच बिऱ्हाडाच्या प्रवासाचे फोटो लागत. तीर्थप्रसादाची रांग त्या भिंतीपुढूनच सरके, त्यामुळे फोटो न बघता कुणाची सुटका नव्हती. ही भिंत दोन वर्षं दुसऱ्या मजल्यावरच्या भूपेशभाईंनी अडवली होती. आधी काश्मीर, मग सिंगापूर. वालीवला कारखान्यात बादल्यांच्या कड्या बनवणारा माणूस! सिंगापूरखाली उभं राहून खाल्लेला शिरा मंत्रालयात नोकरी करणाऱ्या जयवंतच्या घशात अजून अडकलेला होता.

यंदा गणपतीच्या मीटिंगमध्ये भूपेशभाईंनी आफ्रिकेचं जाहीर केलं. जयवंतने त्याच दमात कान्हाच्या जंगलाचं जाहीर केलं. बोलून गेला, आणि सोसायटीत बोललेला शब्द परत घेता येत नाही.

मग तयारी सुरू झाली. मध्य प्रदेशचा नकाशा दिवाणखान्यात असा लागला, की दार उघडलं की दिसावा. खाकी शर्ट शिवून झाले. आशालताच्या साड्यांमधून लाल, पिवळी, जांभळी बाद झाली.

"तिकडची झाडं सालाची," जयवंतने तिला बजावलं. "साग नाही. कुणी विचारलं तर साल म्हणायचं."

"बरं."

"आणि वाघ दिसला नाही म्हणायचं, वाघाने दर्शन दिलं म्हणायचं."

"तुम्हीच बोला. मी आपली शेजारी उभी राहीन."

सेक्रेटरी प्रल्हाद नळाच्या वेळा सांगायला आला आणि नकाशाकडे बघत उभा राहिला. "काका, माझा मेहुणा तीनदा जाऊन आला ताडोब्याला. एक शेपटी दिसली नाही हो."

"मेहुणा तुझा गेला असेल शर्टाच्या खिशात वेफर्स घेऊन. पिकनिकवाले सगळे."

"पण तुम्हाला दिसेलच, असं काही आहे का?"

"दिसणार."

"म्हणजे गॅरंटी?"

"अभ्यास लागतो, प्रल्हाद. तू नळाचं बघ."

रविवारी जयवंत वसईला, पारनाक्याजवळच्या फर्डिनंडच्या स्टुडिओत गेला. लग्नं आणि चर्चमधली पहिली कम्युनियन यांपलीकडे फर्डिनंडने कधी कॅमेरा रोखला नव्हता, म्हणून जयवंतला त्याच्याबद्दल मनातून तुच्छताच होती. पण लेन्स भाड्याने तिथेच मिळायची.

"टायगर किती लांब असनार?" फर्डिनंडने विचारलं.

"फार नाही. पंधरा-वीस फूट."

फर्डिनंडने काउंटरवर ठेवलेली मोठी लेन्स परत कपाटात ठेवली. "पंधरा फुटांवर टायगर असला ना मेन, तर लेन्स नको. फादर पायजेल."

जयवंत हसला नाही. रोल घेतले, छोटी लेन्स घेतली. बसमध्ये सबंध रस्ताभर तो पुटपुटत होता, "नवऱ्यांचे हार सरळ करणारा माणूस! याला जंगल काय कळणार?"

नाताळच्या सुट्टीत आधी भूपेशभाई निघाले. त्यांच्या बायकोच्या, हंसाबेनच्या कपाळाला बायकांनी कुंकू लावलं, कुणी नारळ दिला. भूपेशभाईंच्या डोक्यावर कडेला दोरी लोंबणारी हॅट होती. टॅक्सीत बसताना ते मुद्दाम थांबले.

"जयवंतभाई, कान्हा तर आपल्या गल्लीतलं. पण फिकर नाय करायची. माझे सिंह लागले की कोपऱ्यात तुमच्या वाघाला जागा देईन ना!"

सगळे हसले. प्रल्हाद जरा जास्तच हसला.

जयवंत वर आला तो तोंड पाडून. "कोपऱ्यात म्हणे! ऐकलंस? मधोमध लावतो की नाही बघ. नाही लावला तर या सोसायटीत मान वर करून जिना उतरायचा नाही मी."

"मग आपण विरारच सोडायचं की काय?" आशालताने विचारलं.

"सोडायचं."

आशालता बॅग भरायची थांबली. खिडकीतल्या तुळशीकडे तिने एकदा बघितलं. मग ती म्हणाली, "असं असेल तर मलाही शिकवा ते कॅमेऱ्याचं. तुमचा हात थरथरतो."

दोन दिवसांनी ते निघाले. यांनाही कुंकू लागलं, यांनाही नारळ मिळाला. एवढी सुकेळी कशाला, असं कुणीतरी विचारलंच. "रेस्ट हाऊसच्या लोकांना," जयवंत म्हणाला. "जंगलातली माणसं. त्यांना कुठे असलं मिळायला?" रिक्षा वळेपर्यंत तो बाहेर मान काढून हात हलवत होता आणि हसऱ्या चेहऱ्याने दातांतल्या दातांत म्हणत होता, "मेंढरं. नुसती मेंढरं."

कांदिवलीला आशालताच्या बहिणीकडे त्यांनी आठवड्याचं सामान टाकलं, सुकेळी दिली, आणि नुसता कॅमेरा घेऊन ते बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आले. तिकिटं काढून जाळीच्या खिडक्यांच्या सफारी बसमध्ये चढले. बस भरलेली होती. पुढच्या बाकावर, अगदी खिडकीशी, दोरी लोंबणारी हॅट घातलेला एक गृहस्थ लेन्सवर फुंकर मारत होता. त्याने मान वर केली. जयवंत पायरीवरच थिजला. भूपेशभाईंनी हॅट काढून मांडीवर ठेवली. शेवटी हंसाबेनने मांडीवरचा थेपल्यांचा डबा उचलला, जरा सरकून जागा केली आणि म्हणाली, "आशाबेन, इकडे या, खिडकीला. सिंह आला की आम्ही, वाघ आला की तुम्ही."