कडेची खाच

कुरियरने आलेला रुपया प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद केलेला होता आणि डबीच्या लेबलावर साल होतं १९१९. जोतिरामने डबी उजेडात धरली. नाण्यावर मात्र स्वच्छ १९१७ दिसत होतं. 

लेबल चुकलं, की रुपयाच दुसऱ्याचा आला? आपल्या रुपयावर साल कोणतं, हे कुंभारी गावातल्या त्याच्या घरात कधी कुणी वाचलंच नव्हतं. वडील वारले तेव्हा त्यांच्या पानसुपारीच्या चंचीत तो निघाला होता. पूजेला त्यांच्या नावाचा चांदीचा टाक घडवणं जमलं नाही, म्हणून आईने, चिमाबाईने, तोच रुपया त्यांचा टाक म्हणून देव्हाऱ्यात बसवला. दर अमावास्येला ती त्याला चिंचेने घासून आंघोळ घालायची. सोलापुरातल्या एका मित्राने जुन्या नाण्यांचं खूळ डोक्यात भरवलं आणि या शहाण्याने तो नाणी पारखून डबीत बंद करून देणाऱ्या कंपनीकडे तपासणीला धाडला. आधी एक फोटो काढून ठेवावा, एवढंही त्याला सुचलं नाही.

त्याने कंपनीला फोन लावला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, लेबलाची चूक असेल, डबी तशीच परत पाठवा. उघडलेली डबी मात्र आम्ही घेत नाही, मग कसलीच तक्रार चालत नाही.

सर्वपित्रीचा दिवस. चिमाबाई ताम्हन मांडून बसली होती. तिने डबीवरून अंगठा फिरवला, तो प्लास्टिकवरून नुसताच घसरला. चांदी खरी का खोटी बघायला नवऱ्याने कधीकाळी कोयत्याने रुपयाच्या कडेला खाच पाडली होती. डबीत ती सगळी कड रबरी कड्याखाली दडली होती.

"उगड," ती म्हणाली.

जोतिरामने कंपनीचा नियम समजावला. पुढच्या अमावास्येपर्यंत थांब म्हणाला.

"आज त्येंचा दिस हाय. आंगुळीबिगर निवद कुणाला दावू?"

त्याला तिच्याकडे बघवेना. त्याने डबीचा कोपरा अडकित्त्यात धरून दाबला. प्लास्टिक तडकलं.

चिमाबाईने रुपया चिमटीत धरून कडेकडेने फिरवला. पुन्हा फिरवला. अंगठा कुठेच अडला नाही.

जोतिरामने फुटलेल्या डबीचे तुकडे गोळा केले. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिने रुपया ताम्हनात ठेवला, चिंच घेतली आणि घासायला लागली.

"आये, ह्यो आपला न्हाय की."

"ठावं हाय." तिने तांब्या कलता केला. "कुणाच्या तरी देवाऱ्यातलाच असंल. ह्येला हितं मी पाणी घालते, त्येंना तितं कुणी तरी घालू दे."

आपला रुपया ज्या डबीत गेला, ती तिकडे कुणी फोडणार नाही, हे जोतिरामने तिला सांगितलं नाही.